‘इको-फ्रेंडलीच्या नावाखाली काटकसर’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

मार्चमध्ये कासवं बघायला तुम्ही आंजर्ल्याला आलात, आमच्याकडे दोन रात्री राहिलात आणि दोन तारे दिलेत. बाथरूमला वास, सकाळी पाणी कोमट, अंगणात अंधार, खोलीत बाटलीबंद पाणी नाही, एसी नाही; म्हणजे पर्यावरणाचं नाव पुढे करून मालक पैसे वाचवतो, तेव्हा अर्धे पैसे परत द्या, असं तुमचं म्हणणं. तारे किती द्यायचे हा तुमचा प्रश्न. पैसे वाचवण्याची गोष्ट मात्र खरी नाही, आणि पुढचे पाहुणेही हे वाचणार म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वास. तुम्ही लिहिलंय, ‘माणूस आला, जाळीत दोन तांबे पाणी ओतून निघून गेला.’ त्या वासाचा इलाज तेवढाच असतो. जमिनीतल्या जाळीखाली ट्रॅप असतो, त्यात दोनेक इंच पाणी कायम साठून राहतं आणि पलीकडच्या चेंबरमधला वायू अडवून धरतं. तुमच्या खोलीत दोन जाळ्या आहेत. शॉवरखालची रोज भिजते, बेसिनजवळची कोरडी राहते. उन्हाळ्यात तिच्यातलं पाणी उडून जातं आणि वास थेट वर येतो. पाणी ओतल्यावर पुन्हा वास आला, असं तुम्हीही लिहिलेलं नाही.

तुमच्याजवळची ॲसिडची बाटली त्याने वापरू दिली नाही, याचाही राग दिसतो. संडासाचं पाणी आमच्याकडे दोन कप्प्यांच्या सेप्टिक टाकीत जातं. पहिल्या कप्प्यात मैला तळाशी बसतो, जिवाणू तो कुजवतात, वरचं पाणी दुसऱ्या कप्प्यातून शोषखड्ड्यात उतरतं. ॲसिड किंवा ब्लीच भरपूर पडलं की जिवाणू मरतात. मग न कुजलेला गाळ पाण्याबरोबर पुढे सरकतो, शोषखड्ड्याची छिद्रं बुजतात आणि टाकी तुंबते. वेट वाइप्सही तेच करतात, कारण ते कुजतच नाहीत. अंघोळीचं, बेसिनचं पाणी म्हणूनच टाकीत न सोडता वेगळ्या पाइपाने केळी-अळूकडे नेलंय. साबणाचं एवढं पाणी टाकीत गेलं तर मैला बसायला वेळच मिळत नाही.

शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर लांब हवा, असं मानक सांगतं. पण कोकणातला जांभा दगड भेगा-पोकळ्यांनी भरलेला, त्यात पाणी कुठून कुठे जाईल याचा नेम नसतो. म्हणून आमचा खड्डा विहिरीच्या उताराच्या बाजूला, ३० मीटरवर आहे. ही सगळी जमिनीखालची कामं, फोटोत दिसत नाहीत. आमचं स्पष्ट मत सांगतो: हॉटेलात बांबूचा टूथब्रश ठेवलाय का, हे बघण्यापेक्षा संडासाचं पाणी कुठे जातं, हे विचारावं. बहुतेकांकडे उत्तर नसतं.

आता गरम पाणी. छपरावर २०० लिटरचा सोलर आहे, दोन खोल्यांत मिळून. रात्री चौघांनी दहा-दहा मिनिटं शॉवर घेतला, हे तुम्हीच लिहिलंय. शॉवरला मिनिटाला आठ लिटर धरले तरी ३२० लिटर झाले. त्यातलं निम्मं जरी गरम असलं तरी टाकीतलं दीडशे लिटर गेलं. जेवढं गेलं तेवढं थंड पाणी टाकीत शिरतं, आणि ते तापायला दुसऱ्या दिवशीचं ऊन लागतं. सकाळी सहाला कोमट येणारच. शिवाय पाइपात रात्रभर उभं असलेलं दीड-दोन लिटर पाणी आधी थंडच येतं, ते बादलीत धरावं. पहाटेच्या पाण्यासाठी मागच्या अंगणात बंब आहे, करवंट्यांवर अर्ध्या तासात तापतो. आदल्या रात्री सांगावं लागतं. खोलीतल्या कागदावर ते पहिल्याच ओळीत आहे.

अंधाराबाबत तडजोड नाही. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला वर येतात. किनाऱ्यावर उजेड दिसला तर अंडी न घालता परत फिरतात. पिल्लं समुद्राकडचा उजळपणा बघून चालतात, मागे पांढरा दिवा असेल तर उलटी वळतात. म्हणून मोसमात समुद्राच्या बाजूचे दिवे बंद असतात, आणि पायऱ्यांवर पिवळे, खाली तोंड केलेले, वर झाकण असलेले दिवे लावलेत. किनाऱ्यावर जायला लाल कागद लावलेली बॅटरी देतो. फ्लॅशला मनाई आमची नाही, कासव महोत्सवातही ती असतेच.

बाटलीबंद पाणी दुकानात मिळतं, आणायला कोणी अडवत नाही. खोलीत स्टीलचा जग आणि यूव्ही फिल्टरचं पाणी असतं. आरओ मुद्दाम बसवला नाही: लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं, आणि मे महिन्यात इथल्या विहिरी तळाला गेलेल्या असतात. रिकाम्या बाटल्या भंगारवाला नेतो. वेफर्सची चकचकीत पाकिटं कोणीच घेत नाही, म्हणून ती तुमच्या पिशवीत परत दिली. त्यात अपमानाचा हेतू नव्हता.

एसी नाही, हे बुकिंग करतानाच लिहिलेलं आहे. तेव्हा अर्धे पैसे परत करण्याची मागणी आम्ही मान्य करू शकत नाही. बेसिनजवळच्या जाळीत रोज एक तांब्या पाणी ओतावं, ही ओळ मात्र खोलीतल्या कागदावर वाढवली आहे.