काटा हलत नाही

जुन्या गाडीचे बॉनेट उघडे दिसले की भोवती माणसे जमतात आणि जमलेल्यांपैकी एकाला तरी सगळे ठाऊक असते, याची मला आता सवय झाली आहे. पण परवा ज्या गृहस्थांनी माझ्या गाडीच्या नव्या रेडिएटरसमोर उभे राहून "तुमचा टेंपरेचरचा काटा मेलाय" असे जाहीर केले, त्यांना मी अजूनही मनातल्या मनात उत्तरे देत आहे.

गाडी 1950च्या दशकातली. तिचा मूळ रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि तीन ओळींच्या नळ्यांचा होता. त्यातल्या बऱ्याच नळ्या गंजाने आणि क्षाराने बुजल्या होत्या, त्यामुळे चढ लागला की काटा वर जाई आणि वाहतूक तुंबली की आणखी वर. शेवटी वरची आणि खालची पितळी टाकी तीच ठेवून मधली जाळी चार ओळींची करून घेतली. जाळी जाड झाली, साहजिकच पंख्याची पाती तिच्या इतकी जवळ आली की मधून करंगळीदेखील जाईना, म्हणून पंख्याला पुढे ठेवणारा त्याच्यामागचा ठोकळा, म्हणजे स्पेसर, काढावा लागला. पंख्याने सगळी हवा जाळीतूनच ओढावी यासाठी भोवती पत्र्याचे कडेही बसवले. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही, आणि दिसू नये म्हणूनच तर हा सारा खटाटोप होता.

त्याआधी एक तयार ॲल्युमिनियमचा रेडिएटर घरी येऊन परत गेला होता. 'सर्व मॉडेल्सना बसतो' असे त्याच्या खोक्यावर छापलेले होते. जी वस्तू सगळ्यांना बसते ती नेमकी आपल्यालाच का बसत नाही, असे विक्रेत्याला विचारले, तेव्हा "किंचित ॲडजस्ट करावं लागेल" असे उत्तर मिळाले. किंचित म्हणजे गाडीची पुढची पट्टी कापायची, खालच्या होजचे तोंड उजवीकडचे डावीकडे न्यायचे आणि इंजिन हाताने फिरवून सुरू करायचे हँडल घालण्याचे भोक कायमचे विसरायचे. ॲल्युमिनियमचा मला राग नाही. ते हलके असते आणि त्याच्या नळ्या रुंद करता येतात. मात्र तांबे त्याच्यापेक्षा दीडपटीहून अधिक उष्णता वाहून नेते, ही गोष्ट चकचकीत खोक्यावर कोणी छापत नाही.

तर ते गृहस्थ. इंजिन चालू होते, मी होजचे क्लॅम्प तपासत होतो, आणि ते हात पाठीमागे बांधून, मान तिरकी करून डॅशबोर्डाकडे पाहत होते.

"किती वेळ चालू आहे?" त्यांनी विचारले.

"झाला बराच वेळ."

"मग काटा का हलत नाही?"

मी नम्रपणे सांगितले की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, 82 अंशांना उघडतो, नवा रेडिएटर तेवढी उष्णता सहज बाहेर टाकतो, म्हणून काटा 82च्या आसपास स्थिर आहे आणि तो तसा स्थिर राहावा यासाठीच मी एवढा खर्च केला आहे.

"नाही नाही," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "जुन्या गाडीचा काटा हलतोच. हलत नाही म्हणजे तो गेला. आणि थर्मोस्टॅट आहे म्हणता? काढून फेका. माझ्या मेव्हण्याने काढला, गाडी बर्फासारखी चालते."

बर्फासारखे चालणारे इंजिन पेट्रोल जास्त पिते, त्यात कार्बन साठतो आणि ते लवकर झिजते, हे मी सांगू लागलो. पण गृहस्थ तोवर वॉटर पंपाकडे वळले होते.

"याला पंप कशाला? पूर्वीच्या गाड्यांना पंपच नसायचा. गरम पाणी आपोआप वर जायचं, गार आपोआप खाली यायचं."

दुर्दैवाने हे खरे आहे. फोर्डच्या मॉडेल टी गाड्यांपैकी सुरुवातीच्या थोड्या सोडल्या, तर बाकी साऱ्या याच तत्त्वावर चालल्या. ज्या माणसाचे सगळेच चुकते त्याच्याशी वाद घालता येतो. ज्याचे अधूनमधून बरोबर निघते तो मात्र असह्य असतो, कारण माझा क्षणभराचा होकार त्यांनी मागच्या सगळ्या विधानांना लावून घेतला.

"मग आता खात्रीच करू," असे म्हणत त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याची व्यवस्थित घडी केली आणि रेडिएटरच्या झाकणावर हात ठेवला.

मी त्यांचे मनगट धरले. झाकण 7 पाउंड दाबाचे आहे. त्या दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू दहा-अकरा अंशांनी वर सरकतो, आणि तापलेल्या गाडीचे झाकण उघडून दाब एकदम सोडला तर उकळते पाणी आणि वाफ उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. हे सगळे मी बऱ्याच मोठ्या आवाजात सांगितले असावे, कारण जमलेली माणसे माझ्याकडेच पाहू लागली.

"अहो, रागावता काय?" गृहस्थ दुखावल्या स्वरात म्हणाले. "मी तुमच्याच भल्यासाठी बघत होतो." आणि मग शेजारच्या अनोळखी माणसाकडे वळून हळूच म्हणाले, "काटा बंद आहे हो. त्यांना पटत नाही."

त्या अनोळखी माणसाने मान डोलावली! ती मान मला गृहस्थांपेक्षाही अधिक लागली.

दुसरी जमात याहून वाईट, ती म्हणजे 'मूळचे तेच' राखणाऱ्यांची. यांच्यापैकी एकाने माझ्या जाळीच्या ओळी वाकून मोजल्या आणि चौथी ओळ सापडताच, घरात कोणी गेल्यासारखा चेहरा केला. 1900च्या सुमारास जर्मन अभियंते विल्हेल्म मायबाख यांनी 35 अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी सहा मिलिमीटरच्या 8,070 चौकोनी नळ्या एकत्र जोडून मधुकोशी रेडिएटर बनवला, तेव्हा त्यांच्यापुढे हे महाशय उभे असते तर त्यांनी आधीच्या नागमोडी नळीचीच बाजू घेतली असती, असे मी त्यांना सांगितले. त्यावर ते शांतपणे म्हणाले की त्यांच्या गाडीचा रेडिएटर कारखान्यातून आला तसाच्या तसा आहे आणि आजवर एकदाही गळलेला नाही.

हे मला खरोखर झोंबले. इतक्या वर्षांत झाळकामाचा एकही डाग उसवला नाही, एकही नळी बुजली नाही, हे कसे जमवले, कोणते कूलंट वापरता, असे मी अगदी मनापासून विचारले.

"कूलंट?" ते म्हणाले. "छे, छे. पाणीसुद्धा नाही. भरलं की गंजतं. आम्ही ट्रेलरवरून आणतो."