सांडपाणी पुन्हा नाल्यातच!

एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण मराठवाड्यातली माणसे इतक्या लवकर कसे विसरलो? घरात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. ते शुद्ध करून शेतीला, कारखान्यांना देण्याऐवजी आमच्या गावात सरळ नाल्यात सोडले जाते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बांधले, फीतही कापली, पण विजेचे बिल थकले म्हणून हवा मिसळणारी यंत्रे बंद आणि टाकीवर काळी साय! हवाच मिळाली नाही, तर घाण खाणारे जिवाणू जगणार कसे? आठ दिवसांनी नळाला पाणी येते, तेव्हा आई पहाटे तीनला उठून हंडे भरते, आणि घरामागच्या नाल्यातून तेच पाणी फेसाळत, दुर्गंधी पसरवत वाहून जाते.