पश्याने सात का दिले

डिलाईल रोडच्या नाक्यावर एक बंद पडलेली लाँड्री आहे, तिच्या पायऱ्या म्हणजे आमचा कट्टा. परवा रात्री साडेदहाला पश्या आला तो मोबाइलमध्ये मुंडी घालूनच. उपनगरातल्या एका मॉलमध्ये कपड्यांचं मोठं दुकान आहे, तिथं मेन्स सेक्शनला त्याला सहा वर्षं झाली. दुकानाचं नाव लिहीत नाही, त्याला उद्या कामावर जायचंय.

"बाराच्या आत भरायचाय," तो म्हणाला. "एम्प्लॉयी सॅटिस्फॅक्शन सर्व्हे. आमच्या स्टोअरचं शंभर टक्के झालंच पाहिजे असं वरून आलंय. सकाळपासून स्टोअर मॅनेजर यादी घेऊन फिरतोय. तुझं झालं का, तुझं झालं का."

बाळ्याने त्याच्या खांद्यावरून वाचलं. "वर तर लिहिलंय, उत्तरं गुप्त राहतील. मग तुझं राहिलंय हे त्याला कसं कळलं?"

मंदार दुसऱ्या एका कंपनीत एचआरला आहे. तिथले असले फॉर्म तोच पाठवतो, त्यामुळे हे त्याला लागलं. "कोणी भरलं ते कळतं, काय भरलं ते कळत नाही. मतदानासारखं. बोटाची शाई सगळ्यांना दिसते, बटण कुठलं दाबलं ते दिसतं का? आणि आमच्याकडे टीममध्ये पाचपेक्षा कमी माणसं असली तर तिचा वेगळा रिपोर्टच निघत नाही."

"आम्ही सात आहोत," पश्या म्हणाला. "त्यात मराठी मी एकटा. शेवटी कमेंटचा चौकोन आहे, तिथं मराठीत दोन ओळी लिहिल्या की मेलो. हिंदीत लिहावं, तर माझी हिंदीसुद्धा ओळखतात रे."

यावर मंदारकडे शाईचा दाखला नव्हता.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: इथं नोकरी करायला तुम्ही मित्राला सुचवाल का, शून्य ते दहा. पश्याने सात दिले होते. मंदार हसला. "सात म्हणजे ना इकडे ना तिकडे. नऊ-दहा देणारे आपले, शून्य ते सहा विरोधातले. आपल्यांच्या टक्क्यांतून विरोधकांचे टक्के वजा करायचे. सात-आठवाले कुठल्याच बाजूला धरत नाहीत."

हा हिशेब मुळात गिऱ्हाइकांसाठीचा. फ्रेड रायकहेल्ड या अमेरिकन सल्लागाराने तो 2003 मध्ये मांडला, पुढे तोच नोकरांनाही लावला. पण 35 ला पास होणाऱ्या आपल्या लोकांना साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास! पश्यासारखा माणूस सहा देतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं, 'बरं चाललंय.' वर पोचतं ते 'हा नाराज'. आणि खरंच वैतागलेला माणूस भीतीने आठ देतो.

"सगळं नाटक," बाळ्या म्हणाला. बाळ्याचा मोबाइल दुरुस्तीचा गाळा आहे, त्याला कोणी काही विचारत नाही.

मंदार उखडला. "नाटक काय? आमच्या दुकानांत वीक ऑफ कधी ते आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर कळायचं. दोन वर्षं मी मीटिंगमध्ये बोंबलत होतो, कोणी ढिम्म हललं नाही. सर्व्हेत रोस्टरच्या प्रश्नाला सगळ्या दुकानांत तळाचे मार्क पडले, तेव्हा साहेबांनी ऐकलं. आता पंधरा दिवस आधी लागतं. माणसाचं ऐकत नाहीत, आकड्याचं ऐकतात. मी काय करू?"

हे मला पटलं. बाळ्यालाही पटलं असावं, कारण चार कटिंग त्याने सांगितले.

तेवढ्यात मंदारची बहीण सुजाता ड्युटीवरून घरी जाताना थांबली. ती अशाच एका दुकानात मेकअपच्या काउंटरला प्रमोटर आहे. विषय कळल्यावर म्हणाली, "मला कधी आलाच नाही असला फॉर्म. दुकान त्यांचं, माल ब्रँडचा, पगार एजन्सीचा. सिक्युरिटी, हाउसकीपिंग, आम्ही प्रमोटर... आमचं समाधान कोणाच्या खात्यात?"

"ऑफ-रोल लोक सर्व्हेत येत नाहीत," मंदार पुटपुटला.

"मग शंभर टक्के कशाचे रे, दादा?"

तिने पश्याला विचारलं, दिवसभरात बसायला मिळतं का असा प्रश्न आहे का बघ. पश्याने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. कामाच्या ठिकाणी जिवलग मित्र आहे का, हा प्रश्न होता. बसण्याचा नव्हता.

"कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायका त्यासाठी रस्त्यावर उतरल्या," सुजाता म्हणाली. "2018 मध्ये केरळने कायद्यात घातलं, 2021 मध्ये तामिळनाडूने. फॉर्म भरून नाही मिळालं ते."

मला राहवलं नाही. म्हटलं, ही आपलीच जुनी रीत. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. रविवारची सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विसावा हवा. तुम्ही समाधानी आहात का, असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. काय हवं ते त्यांनीच सांगितलं, आणि तेही सही करून.

"मिळाली कधी सुट्टी?"

"10 जून 1890."

"सहा वर्षं," बाळ्या म्हणाला.

पश्याने वर पाहिलं. "लोखंडे तेव्हा गिरणीत होते का?"

आधी होते, तेव्हा 'दीनबंधु' हे पत्र चालवत होते, हे मला कबूल करावं लागलं.

"म्हणजे त्यांना कामावरून काढणार कोण? आणि ते साडेपाच हजार होते. आम्ही सात."

मी चहा प्यायलो.

पावणेबाराला कमेंटचा मसुदा सुरू झाला. पश्याने लिहिलं, मेन्स सेक्शन में. मंदार म्हणाला, सेक्शन काढ. बिलिंग के पीछे? तेही काढ, तिथं कोण उभं असतं ते माहीत आहे त्यांना. प्रमोटर लोगों को भी, असं सुजाताने सुचवलं. पश्याने ते लिहिलं, थोडा वेळ बघत बसला, मग तिच्याकडे न बघता पुसलं. शेवटी एवढंच उरलं: स्टाफ को बैठने के लिए स्टूल चाहिए. सातचे त्याने सहा केले.

"हे 'सुविधा, इतर' या रकान्यात जाईल," मंदार म्हणाला.

"जाऊ दे," सुजाता म्हणाली, "इतरांत आम्ही असतोच."

पश्याने सबमिट दाबलं. बाराला पाच कमी असताना ग्रुपवर मॅनेजरचा अंगठा आला, आणि खाली उद्याचं रोस्टर. पश्याला सकाळची शिफ्ट लागली होती.