आधी प्रसिद्ध व्हा, मग ससा शोधा

लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक लिहावं असं तुमच्या मनात आलं आहे, हे फार चांगलं झालं. कादंबरीत चार वर्षं जातात, आत्मचरित्राला वकील लागतो. बालपुस्तकाला मुंबई-दिल्ली विमानप्रवास पुरतो, आणि त्यातही मधे चहा-सँडविच होतं.

अट एकच. आधी प्रसिद्ध व्हा. गोष्ट, भाषा, मुलं वगैरे नंतर बघता येतं. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिकाबाईंची चूक इथेच झाली. त्यांनी सशाची गोष्ट लिहिली, चित्रंही स्वतःच काढली आणि प्रकाशकांकडे पाठवली. साभार परत. शेवटी १९०१ साली पदरचे पैसे घालून २५० प्रती छापल्या, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी एका प्रकाशकाला उपरती झाली. आधी नाटकात काम केलं असतं, निदान टेनिस खेळल्या असत्या, तरी ही वेळ आली नसती. उलट पॉप गायिका मॅडोना बघा. त्यांचं पहिलं बालपुस्तक २००३ साली शंभराहून अधिक देशांत आणि तीस भाषांत एकदमच निघालं. मुलांच्या गोष्टी पोकळ असतात, त्यांतून काही शिकायला मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. ही तक्रार पाठ करून ठेवा, प्रकाशन समारंभात लागते. तुमच्याआधी मुलांसाठी कोणी धड लिहिलंच नाही, हे तुम्हालाच सांगावं लागणार. तुम्ही काही वाचलेलं नसल्यामुळे ते अगदी मनापासून सांगता येईल.

आता गोष्ट. नायक ससा. तो इतर सशांपेक्षा वेगळा असतो. म्हणजे एक कान लांब, एक आखूड. सगळे हसतात. मग एक शहाणं घुबड त्याला सांगतं, तू जसा आहेस तसाच छान आहेस. (आपल्याकडे घुबड शहाणं नसतं, ते कौलावर बसलं की आजी हाकलायला सांगते. पण तुमचं पुस्तक आधी इंग्रजीत होणार, तिथे ते शहाणंच असतं.) शेवटी सगळे सशाच्या वाढदिवसाला येतात आणि केक खातात. खाली तात्पर्य टाका. गोष्ट संपल्यावर पोरं "मग?" म्हणून विचारतात, ते तात्पर्यानं बंद होतं.

या बाबतीत माधुरी पुरंदऱ्यांचा कित्ता मुळीच गिरवू नका. त्यांच्या पुस्तकांची नावं तरी बघा: 'हात मोडला', 'कंटाळा', 'बाबांच्या मिशा'. मिशा! यात कसलं मूल्यशिक्षण? घरातल्या, शेजारपाजारच्या साध्या गोष्टी, त्याही मुलाच्या उंचीवरून दिसतील तशा. वर बाई लिहितात स्वतः आणि चित्रंही काढतात स्वतःच. म्हणजे मुखपृष्ठावर ज्याचं नाव बारीक करावं असं दुसरं कोणी उरतच नाही.

तुमच्या पुस्तकात ती अडचण नाही. तुमच्यासाठी चित्रकार असतो. हे पुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं, कारण १६ पानांचा एक फर्मा, असे दोन फर्मे छापखान्याला सोयीचे. शीर्षक, अर्पणपत्रिका वगैरे गेलं की गोष्टीला बारा-चौदा जोडपानं उरतात. ती सगळी चित्रकार काही महिने बसून भरतो. त्याला एकदा भेटून सांगा की ससा निळा हवा. ससा रंगवून होत आला की पुन्हा भेटून सांगा की निळा नको. नाव आतल्या पानावर घाला. सारा मॅकिन्टायर नावाच्या चित्रकर्तीनं २०१५ साली ब्रिटनमध्ये मोहीमच उघडली होती, की चित्रकारांची नावं मुखपृष्ठावर, याद्यांत, सगळीकडे द्या म्हणून. असलं काही आपल्या चित्रकाराच्या कानावर जाऊ देऊ नका.

चित्रकाराला मोकळं सोडलं तर काय होतं, ते ऐका. पॅट हचिन्स या इंग्रज चित्रकर्तीनं १९६८ साली एका कोंबडीच्या फेरफटक्याचं पुस्तक केलं. सगळे मिळून ३२ शब्द, एकच वाक्य. कोंबडी अंगण ओलांडते, तळ्याला वळसा घालते, फिरून जेवायच्या वेळेला घरी परत येते. बस. पण चित्रात तिच्या मागे कोल्हा लागलेला असतो. तो झडप घालायला जातो, पान उलटलं की कुठे तरी आपटतो, आणि मजकुरात त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. आई वाचते कोंबडीचं, पोर बघतं कोल्ह्याचं. ते ओरडून ओरडून सांगत राहतं, आई मात्र गंभीरपणे पुढचं वाचते. कोंबडीलाही पत्ता नाही, पुस्तकालाही नाही. ठाऊक फक्त पोराला. अजून अक्षरओळख नसलेल्या माणसाला वाचणाऱ्यापेक्षा जास्त कळणं बरं का? तुम्ही सरळ लिहा, "कोंबडीच्या मागे एक दुष्ट कोल्हा येत होता." चित्रात कोल्हा, वाक्यात कोल्हा, आईच्या तोंडी कोल्हा. पोराला काम उरता कामा नये.

चित्रकार नकोच असेल तर बी. जे. नोव्हाक या अमेरिकी नटाची वाट आहे. त्यांनी २०१४ साली एकही चित्र नसलेलं बालपुस्तक काढलं. लिहिलंय ते मोठ्या माणसानं मोठ्यानं वाचायचंच, मग ते कितीही वेडगळ असो, एवढीच गंमत. दुर्दैवानं ते चांगलं आहे. नामवंत असूनही. अशा अपवादांकडे दुर्लक्ष करा.

मराठी आवृत्तीची काळजी नको, ती दोन आठवड्यांत होते. तिच्यात आई सशाला मिठी 'देते'. आपण मारतो, भाषांतरात देतात, सोसायटीतल्या वाटीभर साखरेसारखी. फक्त जिमी फॅलन यांच्यासारखं करू नका. या अमेरिकी टीव्ही सूत्रसंचालकांच्या २०१५ सालच्या पुस्तकाचं नावच सांगतं की तुमच्या बाळाचा पहिला शब्द 'दादा' असणार. तिकडे दादा म्हणजे बाप. आपल्याकडे बाळ पहिल्यांदा 'दादा' म्हणालं तर थोरला भाऊ पेढे मागेल आणि बाप उपाशी राहील.

कपड्यांचा ब्रँड असेल तर फारच सोयीचं. आलिया भट्ट यांनी २०२० साली एड-अ-मम्मा हा मुलांच्या कपड्यांचा ब्रँड सुरू केला आणि २०२४ साली त्याच नावाच्या मालेतलं चित्रपुस्तक आणलं. क्रम लक्षात घ्या: आधी झबलं, मग गोष्ट. मॉस्कोत छापलेली जाड कागदाची रशियन पुस्तकं एके काळी मराठीतून अगदी स्वस्तात मिळायची. त्यातल्या अस्वलाचा टी-शर्ट कोणी काढला नाही. आता ती पुस्तकं मिळत नाहीत, यात नवल काय?

प्रकाशनाला मुलं सतरंजीवर बसवा, तुम्ही ठेंगण्या स्टुलावर बसा, वाचताना सशाचा आवाज काढा. फोटोग्राफर डावीकडे. बहुधा सातव्या-आठव्या पानाशी कोणी तरी तीन वर्षांचं पोर उठून थेट तुमच्या मांडीशी येईल आणि पानावर बोट ठेवून विचारेल, "गोगलगाय कुठे गेली?"

तुम्ही गोगलगाय लिहिलेली नाही. चित्रकारानं पहिल्या पानापासून गवतात एक बारकी गोगलगाय काढून ठेवली आहे, ती प्रत्येक पानावर थोडी थोडी पुढे सरकते आहे आणि सगळी सतरंजी मघापासून तिच्याचकडे बघते आहे. निळा, मग पांढरा झालेला तुमचा ससा कोणीच पाहिलेला नाही. त्या पोराला सांगा, बाळ, गोगलगाय गोष्टीत नाहीये. ते ऐकणार नाही. पुस्तक तुमच्या हातातून ओढून घेईल आणि पहिल्या पानापासून शोधायला बसेल. फोटोग्राफरला खूण करा, हा घेऊ नको म्हणून.