पोराला इंग्लिश येत नाही? असा करा सपोर्ट

तर बाई, सर, तुमच्या इंग्लिश मिडियमच्या वर्गात एखादं २५ टक्केवालं पोर असणारच. २००९ चा आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा, कलम १२, खाजगी शाळेतल्या २५ टक्के जागा गरीब-वंचित घरच्या पोरांना, लॉटरीत नंबर लागतो, फी सरकार देतं (कधी देतं ते संस्थाचालकांना विचारा, रडतील बिचारे) आणि पोर येऊन बसतं तुमच्यासमोर मराठी बोलत. घाबरायचं नाही, सपोर्ट करायचा. कसा ते मी सांगते, खालच्या मजल्यावरची तिसरीतली पोरगी माझ्याकडे होमवर्कला येते त्यामुळे मला सगळी सिस्टीम पाठ झालीय.

पहिलं म्हणजे मराठी बंद. मधल्या सुट्टीत "ए लोणचं दे ना" ऐकू आलं तरी दहा रुपये फाईन. त्यानं इंग्लिश येतं असं काही नाही पण वर्ग चिडीचूप होतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला चिडीचूप वर्ग हुशारच वाटतो. सू लागली तरी "मे आय गो टू टॉयलेट" पूर्ण वाक्यात आलं पाहिजे, अडखळलं तर परत म्हणायला लावा, थांबतंय की तेवढं.

मग गणित. गणिताला भाषा लागत नाही असं धरून चालायचं. आमच्या पोरीला परवा होतं, रवीकडे १२ आंबे, सीमाकडे ७, हाउ मेनी मोर मँगोज डझ रवी हॅव? बराच वेळ वहीकडे बघत बसली आणि मग म्हणाली, मावशी, यात मोर कुठून आला? मी म्हटलं अगं मोर म्हणजे जास्त. हां, जास्त म्हणजे बेरीज, म्हणून तिनं १९ लिहून टाकले. बारातून सात गेले किती, असं विचारलं तर बोटंसुद्धा न मोजता पाच! पण तुम्ही असलं काही विचारत बसू नका. १९ वर लाल फुली मारा, मॅथ्स कच्चं आहे म्हणा आणि एक्स्ट्रा क्लास लावा, तिथे तेच गणित तेच इंग्लिश, फक्त जरा मोठ्या आवाजात.

सायन्सला "रूट्स ॲब्सॉर्ब वॉटर" पाच वेळा लिहायला द्या. मुळं पाणी शोषतात हे तिला माहितीय, गावाला आजीच्या परसातल्या मिरच्यांना तीच पाणी घालते, पण ते आधी मराठीत बोलू द्यायचं आणि मग त्यावर इंग्लिश शब्द चढवायचा म्हणजे तासातली पाच मिनिटं गेली. पोर्शन कोण पुरा करणार?

मध्येच कोणीतरी शहाणं २०२० चं शैक्षणिक धोरण काढेल, किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणून. आरटीईचंच कलम २९ मातृभाषा म्हणतं, पण तिथे "शक्य असेल तिथवर" असं आहे, लिहिणाऱ्याचं देव भलं करो. आणि कॅनडातले जिम कमिन्स म्हणून प्राध्यापक आहेत, ते म्हणतात गप्पा मारण्यापुरती भाषा दोनेक वर्षांत येते पण पुस्तकातली भाषा यायला ५ ते ७ वर्षं लागतात. सात वर्षं! आपली युनिट टेस्ट पुढच्या सोमवारी आहे.

राहिले पालक. "घरी इंग्लिशमध्येच बोला" हे मीटिंगला आवर्जून सांगा. हिची आई चार घरी पोळ्या करून येते, पाचव्या घरी म्हणजे स्वतःच्या घरी आल्यावर तिनं थोडं "ईट फास्ट, स्लीप फास्ट" केलं तर काय बिघडतं? व्हॉट्सॲपवरच्या सूचना अर्थातच इंग्लिशमध्ये टाकायच्या. मागे येलो डे होता तो तिला कळला शाळेच्या गेटवर, सगळी पोरं पिवळी आणि ही एकटी युनिफॉर्मात. तेव्हापासून आई डायरी रोज उघडून बघते.

काल डायरीत शेरा आला, "व्हेरी वीक इन इंग्लिश". आईनं पोरीलाच विचारलं काय लिहिलंय गं. पोरीला वीक येतो, संडे मंडे सगळे वार पाठ आहेत तिचे. म्हणाली, शाळेत इंग्लिशचा आठवडा आहे.

आई म्हणाली, बरं, मग ड्रेस कुठल्या कलरचा पायजे?