‘घाम’ या एका शब्दाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

संस्थांनी सॉफ्टवेअर निवडताना ‘फुकट आहे का?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आपण परवा रात्री प्रतिक्रिया दिलीत. ती मी तीनदा वाचली आणि मुद्दाम एक दिवस गप्प बसले. राग शांत झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं. तो पुरता शांत झालेला नाही, पण अजून थांबले तर उत्तर द्यायचं राहूनच जाईल.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा सारांश देते. आपलं म्हणणं असं, की छोट्या संस्थेकडे पैसा नसतो आणि वेळही नसतो, म्हणून मिळेल ते फुकट वापरावं लागतं. कार्यकर्त्यांना एक्सेल येतं आणि ते पुरतं. कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं हे तसंही निधी देणाराच ठरवतो. वेबसाइट बनवायच्या ड्रुपल या सॉफ्टवेअरबद्दल मी दिलेलं साल चुकलं आहे. आणि या सगळ्याच्या मधोमध हे वाक्य : ‘बाहेर बसून शहाणपण सांगणाऱ्यांना संस्था चालवण्याचा घाम काय असतो ते कळत नाही.’

आधी चूक कबूल करते. ड्रुपल ७, म्हणजे त्याच्या सातव्या आवृत्तीचा अधिकृत आधार (बनवणाऱ्यांकडून येणारे अपडेट) २०२३ मध्ये संपला असं मी लिहिलं होतं. मूळ मुदत २०२१ ची होती, ती पुढे पुढे ढकलली गेली आणि प्रत्यक्षात ५ जानेवारी २०२५ ला आधार संपला. २०२३ ही मधली एक मुदत, तीच माझ्या डोक्यात बसली होती. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवलीत त्याबद्दल मनापासून आभार. पण तो परिच्छेद त्या सालासाठी लिहिलेला नव्हता. २०११ साली आलेल्या आवृत्तीवर कुणीतरी हौसेने संस्थेची वेबसाइट उभी करून देतं, पुढे ती व्यक्ती निघून जाते, आणि सुरक्षेचे अपडेट बंद होतात तेव्हा ती साइट नव्या आवृत्तीवर न्यायची कुणी, हे मी विचारलं होतं. त्याबद्दल आपण एक अक्षरही लिहिलेलं नाही.

आता घामाबद्दल.

मी अकरा वर्षं संस्थांमध्ये नोकरी केली आहे. पहिली तीन वर्षं तर देणगीदारांच्या नोंदी भरायच्या आणि पावत्या पाठवायच्या, एवढंच माझं काम होतं. तिथे एका फार भल्या स्वयंसेवकाने मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेस बांधून दिला होता. एक पैसा न घेता, सुट्टीच्या दिवशी येऊन. आम्हाला तो देवासारखा वाटायचा. मग त्याला दुसरीकडे नोकरी लागली आणि तो गेला. चार महिन्यांनी ज्या कॉम्प्युटरवर ती फाइल होती तो बंद पडला. बॅकअप होता, पण आठ महिन्यांपूर्वीचा, एका पेनड्राइव्हवर, आणि त्या फाइलचा पासवर्ड आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हता. त्या मुलाचा फोन नंबरही बदललेला.

आर्थिक वर्ष संपत आलं होतं. मी आणि माझी एक सहकारी, आम्ही दोघींनी पावतीपुस्तकांच्या कार्बन प्रती समोर ठेवून सगळ्या नोंदी पुन्हा टाइप केल्या. सतरा दिवस लागले. कार्बन पुसट झालेला, त्यामुळे तीन आणि आठ यांतला फरक कळायचा नाही. खिडकीच्या उजेडात कागद तिरका धरून आकडा ओळखायचा. एवढं करूनही एका देणगीदाराला दोन पावत्या गेल्या आणि एका आजींना एकही गेली नाही. त्या दर वर्षी नेमाने पैसे पाठवायच्या. त्यांनी फोन करून विचारलं, ‘माझे पैसे पोचले ना गं?’ पोचले होते. आमच्याकडे त्यांची नोंद नव्हती.

तो घाम मला माहीत आहे. माझ्याबद्दल काहीही माहिती नसताना तो माझ्या नावावरून पुसून टाकायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

आणि हे एकदाच झालं असंही नाही. दुसऱ्या एका संस्थेत मी प्रकल्प समन्वयक होते. मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी आम्ही एका कंपनीच्या ऑनलाइन सेवेत ठेवत होतो. सेवाभावी संस्थांना ती विनामूल्य होती. एक दिवस ईमेल आला, की विनामूल्य योजना बंद होते आहे, तीस दिवसांत आपला डेटा उतरवून घ्या. आम्ही उतरवायला गेलो तर मिळाल्या पीडीएफ. एका मुलाची एक पीडीएफ. त्यातून वाढीचा आलेख काढायचा तर प्रत्येक आकडा हाताने परत भरायचा. ज्या ताई वस्तीत फिरून त्या नोंदी गोळा करत होत्या, त्यांना हे सांगायला मीच गेले होते. त्यांनी काही म्हटलं नाही. नुसत्या बघत राहिल्या.

म्हणून मी त्या लेखात लिहिलं, की सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा : आपली माहिती सीएसव्हीसारख्या, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या साध्या स्वरूपात कधीही बाहेर काढता येते का, आणि आज हे सांभाळणारा माणूस उद्या गेला तर दुसऱ्याला ते पेलेल का. पुस्तकं वाचून हे सुचलेलं नाही.

फुकट हा शब्द आपण फार सैल वापरता, तेही सांगते. मराठीत सुदैवाने दोन वेगळे शब्द आहेत, फुकट आणि मुक्त. कंपनी देते ते फुकट : देणारा जोवर देतो तोवर. लोकांच्या नोंदी सांभाळायचं सेल्सफोर्स हे सॉफ्टवेअर पात्र संस्थांना १० लायसन्स, म्हणजे दहा जणांना वापरायची परवानगी, विनामूल्य देतं, आणि ती चांगली गोष्ट आहे. पण ते संस्थेच्या कामाला साजेसं मांडून घ्यायला जाणकार लागतो, आणि त्याचा खर्च त्या १० लायसन्समध्ये येत नाही. मायक्रोसॉफ्टने संस्थांना फुकट दिलेली बिझनेस प्रीमियम या ऑफिस-ईमेलच्या वरच्या योजनेची १० लायसन्स २०२५ मध्ये बंद करायला घेतली. साधी योजना फुकट ठेवली, वरच्या योजनांना सवलत ठेवली. त्यांचा तो हक्क आहे, मी त्यांना दोष देत नाही. पण ज्या संस्थेने आपलं सगळं कामकाज त्या प्रीमियमवर बेतलं होतं, तिला अंदाजपत्रकात नसलेला एक खर्च अचानक दिसू लागला.

मुक्त म्हणजे सिव्हीसीआरएमसारखं. ते २००५ पासून आहे आणि संस्थांचे देणगीदार, सभासद, कार्यक्रम सांभाळण्यासाठीच बनलेलं आहे. किंवा ओडीके, ज्यात नेटवर्क नसलेल्या ठिकाणी मोबाइलवर फॉर्म भरता येतो आणि नेटवर्क मिळाल्यावर पाठवता येतो. यांचा कोड उघडा आहे, म्हणजे कुणालाही तो बघता आणि बदलता येतो. उद्या एक कंपनी हटली तरी दुसरा कुणी ते चालवू शकतो. आपण म्हणता, त्यालाही इंजिनिअर लागतो. लागतो. मी तसंच लिहिलं होतं. आपण तो परिच्छेद वाचलेला दिसत नाही.

पैसे मोजले की सगळं सुरक्षित, असंही माझं म्हणणं नाही. ब्लॅकबॉड ही जगभरातल्या संस्थांच्या देणगीदारांची माहिती सांभाळणारी मोठी कंपनी. तिच्यावर २०२० मध्ये रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती अडकवून खंडणी मागणारा, हल्ला झाला आणि ज्या संस्था नेमाने पैसे भरत होत्या त्यांच्याच देणगीदारांची माहिती बाहेर गेली. जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने जाहीर केलं, की त्यांच्याकडच्या ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीपर्यंत हल्लेखोर पोचले. ते लोक म्हणजे युद्धात, आपत्तीत, स्थलांतरात घरच्यांपासून ताटातूट झालेले. त्या माणसांनी सॉफ्टवेअर निवडलं नव्हतं. निवडतो आपण, आणि नावं त्यांची असतात. मला एवढ्या पोटतिडकीने लिहावंसं वाटतं ते यामुळेच. आपल्या संपूर्ण प्रतिक्रियेत त्या माणसांचा उल्लेख एकदाही नाही.

एक्सेलबद्दल थोडक्यात. मी रोज वापरते. पण ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत काय झालं ते बघा. माहिती जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये घेतली जात होती, त्या फाइलला ६५,५३६ ओळींची मर्यादा, आणि त्यापायी कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. तुमच्या संस्थेत तेवढ्या ओळी नसतील. आमच्याकडेही नव्हत्या. आमच्याकडे एकाच मुलीचं नाव तीन शीटमध्ये तीन प्रकारे लिहिलेलं होतं आणि अहवालात ती तीन मुली म्हणून मोजली गेली.

निधी देणारेच सॉफ्टवेअर ठरवतात, हा वेगळा विषय आहे. त्यात मी आत्ता शिरत नाही. वेळ नसतो म्हणता, तर सतरा दिवसांचा हिशेब वर दिला आहे.

राहिला सूर. मतभेद असावेत, मला ते आवडतात. याच लेखाखाली एका ताईंनी माझा एक मुद्दा पार खोडून काढला आहे आणि मी तो मान्यही केला, कारण त्यांनी स्वतः काय करून पाहिलं ते सांगितलं होतं. तुम्ही तसं काही सांगितलेलं नाही. तुम्ही कोणत्या कामावर आहात, किती माणसांसोबत आहात, काय वापरता, काहीच नाही. फक्त मी कोण नाही, एवढं ठामपणे सांगितलंत. ‘शहाणपण’ हा शब्दही साधा नव्हता; तो कसा वाचला जाईल हे लिहिताना तुम्हाला माहीत होतं. एखाद्या बाईने तंत्रज्ञानावर लिहिलं की ती बाहेरचीच असणार, हे गृहीत धरणारे तुम्ही पहिले नाही. तुमच्या मनात तसं नसेल तर हे वाक्य मी मागे घेईन, पण तसं नव्हतं हे तुम्ही लिहा.

प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. घामाचं वाक्यही जसंच्या तसं राहील. आपल्याला पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त सुरुवातीला एवढं सांगा : आपल्या संस्थेची देणगीदारांची यादी आज कोणत्या फाइलमध्ये आहे, आणि आपल्याशिवाय ती कुणाला उघडता येते?