मुलांनी वळलेला लाडू पुन्हा वळू नका

मुलांना स्वयंपाकघरात घ्यायचं तर खऱ्या कामाला घ्या, एवढंच माझं म्हणणं आहे. पण ते मनापासून म्हणायचंय, म्हणून पोस्ट लांबणार.

बऱ्याच शाळांत विस्तवाशिवाय पदार्थ करायच्या स्पर्धा होतात. बिस्किटांचा चुरा, त्यात कंडेन्स्ड मिल्क, वर रंगीत गोळ्या. कित्येकदा मिश्रण घरूनच कालवून आलेलं असतं आणि मूल ते फक्त ताटलीत मांडतं. बक्षीसही मिळतं. पण त्या मुलाच्या हाताला काय कळलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्यापेक्षा एका सुट्टीच्या सकाळी शेंगदाण्याचे लाडू करायला घ्या. दोन वाट्या दाणे, एक वाटी बारीक चिरलेला गूळ, थोडी वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ. पाक नाही, तार बघणं नाही. गूळ साधा, मऊ घ्या. चिक्कीचा गूळ इथे कामाचा नाही.

दाणे मोठ्यांनी भाजावेत, मंद आचेवर आणि सतत हलवत. मात्र झाले की नाही हे मुलांनी ठरवायचं. एक दाणा काढून गार करून हातात द्या. बोटांनी चोळल्यावर साल सुटलं तर झाले, नाहीतर आणखी थोडं थांबा. मूल दाण्याचा वास घेतं, चावून बघतं, ‘अजून कच्चा आहे’ म्हणतं, आणि आपण गॅस चालू ठेवतो. आपल्या सांगण्यावरून घरातलं मोठं माणूस थांबलं, हे त्याच्या फार लक्षात राहतं.

गार झालेले दाणे चोळणं आणि पाखडणं हा तर सगळ्यात आनंदाचा भाग. सूप असेल तर उत्तम, नसेल तर ताट घेऊन गॅलरीत जा. सालं घरभर उडतील, उडू द्या. नंतर केरसुणीही त्यांच्याच हातात द्या, कारण आवरणं हाही स्वयंपाकच आहे.

हात कामात असले की मुलांना प्रश्न सुचतात. शेंगा झाडाला कुठे लागतात? अनेक शहरी मुलांना त्या फांदीला लोंबकळतात असं वाटतं. भुईमुगाला फूल जमिनीच्या वर येतं, मग त्यातून आऱ्या, म्हणजे बारीक देठासारख्या दांड्या, निघतात, त्या मातीत शिरतात आणि शेंग जमिनीखाली भरते. हे सांगितलं की मुलं हातातल्या दाण्याकडे वेगळ्याच नजरेनं बघतात. गुळाचंही तसंच. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत आटवतात, खाली जाळायला त्याच उसाची चिपाडं असतात. कोल्हापूरच्या गुळाला तर भौगोलिक मानांकन आहे. अगदी पिवळाधमक गूळ दिसला तर त्याला भुलू नका, रंग उजळण्यासाठी त्यात रसायनं घातलेली असू शकतात, हेही त्यांना आत्ताच कळू दे.

मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. झाकणावर आपला हात, बटणावर त्यांचं बोट. सलग फिरवला तर दाण्याला तेल सुटून कुटाचा चिकट गोळा होतो. आधी जाडसर कूट करा, मग गूळ घालून पुन्हा जरासं फिरवा. मूठ दाबल्यावर मिश्रण धरून राहिलं की वळायला घ्या. फुटत असेल तर आणखी एकदा फिरवा किंवा चमचाभर पातळ तूप घाला.

काळजी मात्र घ्यायलाच हवी. अगदी लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. शेजारची मुलं येणार असतील तर दाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का, हे त्यांच्या आईवडिलांना आधी विचारा. असेल तर त्या दिवशी दाण्याचा बेतच नको.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. मुलांचे लाडू वाकडे होतात, एक लिंबाएवढा तर एक सुपारीएवढा. आणि घरातलं कुणीतरी प्रेमानंच म्हणतं, ‘दे, मी नीट वळून देते.’ कृपा करून असं करू नका. तो लाडू पूर्ण झालेला आहे. तुम्ही तो मोडून गोल केलात की तुझं काम कच्चंच होतं, हे मुलाला न बोलता कळतं. पुढच्या वेळी ते तिथे बसेल, पण मन लावून वळणार नाही. आपल्याला नीट वळायचे असतील तर आपल्या वाटणीचं मिश्रण वेगळं घ्यावं.

आणि हे मुलग्यांनाही तितकंच. ‘जा, तू खेळ, ताई करेल’ हे वाक्य आपल्या घरांतून जायला हवं. सहा वर्षांच्या मुलग्याला कूट मळायला तितकंच आवडतं.

झालेले लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर चांगले राहतात. पाहुणे आले तर वाकडे लाडू डब्याच्या तळाशी ढकलू नका, वरचेच ताटलीत काढा. आणि ताटली न्यायला त्यांनाच सांगा.